उत्तरेचा गोलखांब

तीन दिवस पाऊस झोडपत होता. चौथ्या दिवशी दुपारी तो थांबला, तेव्हा फुटबॉलच्या मैदानाचे राखणदार धोंडीराम इंगवले यांनी बटण दाबलं. इशाऱ्यावर पाणी ओढायला शिकवलेलं गवत होतं ते; मुळांना इशारा पोचला आणि नेहमीप्रमाणे ते घटाघटा पाणी पिऊ लागलं. पाव तासात मैदान कोरडं झालं.

उत्तरेच्या गोलखांबापुढचं डबकं मात्र तसंच राहिलं. धोंडीरामांनी पुन्हा दोनदा बटण दाबलं, तरी तिथलं गवत ढिम्म.

"मामा, तेवढं बादलीनं उपसा," पंच मगदूम म्हणाले. "मुलींचा अंतिम सामना आहे, लोक ताटकळलेत."

"सहा वर्षांत या गवतानं कधी नाही म्हटलं नाही. आज म्हणतंय, तर काहीतरी असणार. मी कुणाला तिकडं सोडणार नाही."

मगदूम चिडले. धोंडीरामांनी कडेला बसून पहारीनं माती उकरली. दोन वितींवर पहार पोकळीत उतरली. भोक रुंद करून पाहिलं, तर खाली सगळ्यांच्या विस्मरणात गेलेली जुनी विहीर होती. तिच्यावरचं छत खचलं होतं, आणि त्या भगदाडावर मुळांनी घोंगडीसारखं दाट जाळं विणलं होतं. वरची माती, पाणी, सगळं त्याच्यावर तोललेलं. पाणी ओढायला मुळं सैल सोडावी लागतात. ती त्यांनी सोडली नव्हती.

त्याच गोलात उभी राहणार असलेली गोलरक्षक तेजस्विनी पालथी पडून आत पाहत होती.

"मामा, याला हे कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही, पोरी."

दोघांच्या डोळ्यांदेखत एक पांढरं मूळ हळूच पुढे सरकलं आणि पलीकडच्या मुळाला बिलगलं.