लाल ताऱ्याचा जोडीदार

"थांबवा! सर, माझं निरीक्षण थांबवा!"

चैत्रा धावत नियंत्रण कक्षात शिरली, तेव्हा नंजप्पा सर घड्याळाकडे बघत होते. उपग्रह बंगळुरूवर यायला अकरा मिनिटं होती. तो डोक्यावर आला की खालून हुकूम जाणार आणि त्याची अतिनील दुर्बीण चैत्राच्या दीर्घिकेकडे वळणार. ती म्हातारी दीर्घिका कडेकडेने पुन्हा नवे तारे जन्माला घालते आहे का, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी पोरीने तीन वर्षं अर्ज केले होते.

"अय्यो, आता काय झालं? सकाळी तर मैसूरपाक वाटत होतीस!"

"दीर्घिकेच्या शेजारचा तो लाल तारा, सर. फिकट दिसतो म्हणून मी तपासणीच्या कागदावर 'धोका नाही' लिहिलं. पण त्याला एक पांढरा, बुटका जोडीदार असावा. आत्ता एका जुन्या यादीत वाचलं. आपल्याला दिसत नाही, पण अतिनीलमध्ये तो आग ओकत असेल."

सरांचा हात जागीच थांबला. एवढा उजेड पडला तर दुर्बिणीचा डोळा जळतो, कायमचा. तिथे जाऊन दुरुस्त कोण करणार, कुणाचा बाप?

"नक्की आहे जोडीदार?"

"नाही माहीत. असेलही, नसेलही."

"मग नीट विचार कर. हातातोंडाशी आलेला घास आहे. पुढची वेळ वर्षाने, आणि तुझी शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते."

चैत्रा गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. कदाचित काही झालंही नसतं. घड्याळात सात मिनिटं उरली होती.

"थांबवा," ती म्हणाली.

सरांनी हुकूम रद्द केला. उपग्रह आला तसा निघून गेला. चैत्रा भिंतीला टेकून रडत होती, तोच फोन वाजला. वरच्या साहेबांचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"ऐन वेळी रद्द? कुणाचा हा निष्काळजीपणा? नाव सांगा!"

सरांनी तपासणीचा कागद पुढे ओढला. 'धोका नाही', त्याखाली चैत्राची सही. त्या सहीखाली 'फेरतपासणी केली' आणि सरांची सही, जेवता जेवता न बघताच ठोकलेली. शेजारी डब्यातल्या चित्रान्नाच्या, पिवळ्या भाताच्या हळदीचा अंगठा उमटला होता. सरांच्या निवृत्तीला एकोणीस दिवस होते.

"लिहून घ्या," सर म्हणाले. "दोन नावं आहेत. पहिलं माझं."