बंद वाटेचा अर्ज

फाटकाला आजही कुलूप होतं. वाटाड्याने ते हाताने चाचपलं, दोनदा हिसडलं आणि द्राक्षमळ्याच्या मालकिणीला हाक मारली.

ती वेलींच्या ओळीतून छाटणीची कात्री घेऊनच आली.

"किल्ली दे," तो म्हणाला.

"देता येणार नाही."

"एकतीस वर्षं मी या वाटेने माणसं वर नेतोय. तुझ्या वडिलांनी कधी अडवलं नाही."

"माहीत आहे मला."

"मग कारण सांग."

तिने कात्री मिटली. "द्राक्षं चोरीला जातात."

"छाटणीच्या दिवसांत?" त्याने फाटकावर लाथ घातली. "वेलीवर पान नाही, आणि हिची द्राक्षं चोरीला जातात."

तिचं गप्प राहणंच त्याच्या डोक्यात जाई. भांडली असती तर बरं झालं असतं. तो तिला नाही नाही ते बोलला. तिच्या वाइनला गटाराचं पाणी म्हणाला, बापाच्या जिवावर उड्या मारतेस म्हणाला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा छाटणीला लागली.

वाट मळ्यातून निघून डोंगराच्या धारेवर चढायची. दीड तासाची चढण, मग उजव्या हाताला सरळ तुटलेला कडा आणि खाली सगळं खोरं. वाइन चाखायला येणारे पाहुणे सकाळी धार चढत आणि दुपारी मळ्यात येऊन पेले भरून घेत. त्यांना वर नेण्याचा परवाना गावात एकट्या वाटाड्याकडे होता. त्या वाटेवरचा दगड न् दगड त्याच्या पायांना पाठ होता. गेल्या हंगामात एक पाहुणी कड्याजवळ घसरली आणि तिचं मनगट मोडलं. बूट चुकीचे होते, हे त्याने तिला तिथल्या तिथे सुनावलंही. त्यानंतर महिनाभरात कुलूप लागलं.

"आता कचेरीत अर्जच करतो," घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला. "तू लिही. माझं अक्षर कुणाला लागत नाही."

बायकोने भाजीची पाटी बाजूला सारली आणि कागद घेतला. दोन कागद तिने फाडले, तिसरा पुरा केला आणि वाचून दाखवला. जुनी वाट, मालकिणीची मनमानी, पोटावर आलेला पाय, सगळं तिने वाचलं त्यात आलं.

"मग्रूर हा शब्द घाल."

"घातला."

"दोनदा घाल."

तिने पेन पुन्हा उचललं. मग त्याचं बोट धरून कागदाच्या तळाशी टेकवलं. "इथे सही करा."

दुसऱ्या दिवसापासून तो दारोदार हिंडला. बेकरीवाला त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याने पिठाचे हात पुसले, अर्ज वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला.

"एवढं काय वाचतोस? कर सही."

"करतो रे," बेकरीवाला म्हणाला. सही करून त्याने एक गरम पाव कागदात बांधून दिला. पैसे घ्यायलाही तयार नव्हता.

औषधांच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, तुम्हाला नक्की द्यायचाय हा अर्ज?"

"नाहीतर काय हौस म्हणून हिंडतोय?"

तिने सही केली आणि त्याला पायरीपर्यंत सोडायला आली.

सुतार, पोस्टमन, शाळेच्या बाई. सगळ्यांनी सही केली, पण मालकिणीविरुद्ध कुणी ब्र काढला नाही. एवढ्या वर्षांत ज्यांच्या पाहुण्यांना त्याने डोंगर दाखवला, ती माणसं त्याच्याशी आजाऱ्याशी बोलावं तशी हळू आवाजात बोलत होती. शेवटी पोस्टात खुद्द मालकीणच भेटली. त्याने कागद तिच्या तोंडासमोर धरला.

"वाच. तुझी लायकी लिहिली आहे."

तिने तो वाचला आणि त्याच्यावर सही करून परत दिला.

"माझी टर उडवते," घरी येऊन तो ओरडला. खुर्ची पाडली. "आणि गाव सगळं तिला टरकून आहे. एकाला कणा नाही."

"सह्या केल्या ना त्यांनी?" बायको खुर्ची उचलत म्हणाली. "झालं तर मग."

सुनावणीला दोघं बरोबर गेली. कचेरीच्या पायऱ्या चढताना बायकोने त्याचा दंड धरला होता. अधिकारी बाई नव्याच बदलून आल्या होत्या. त्यांनी अर्ज पुढे ओढला.

"वाचला मी. मंजूर करायला काहीच हरकत नाही," त्या म्हणाल्या. "खरं सांगू, असा अर्ज घेऊन स्वतः येणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय. मोठं मन लागतं."

वाटाड्याची छाती भरून आली. इतक्या दिवसांत कुणीतरी त्याच्या बाजूने बोललं होतं.

"नियम म्हणून अर्जदारासमोर एकदा वाचायचा असतो. वाचू?"

"वाचा. मोठ्याने वाचा," तो म्हणाला आणि मालकीण मघाशी जिथे खोकली होती तिकडे हात केला. "हिलाही ऐकू जाऊ दे."

"अहो," बायको म्हणाली. तिने त्याचा हात घट्ट धरला. तो त्याने झटकला.

अधिकारी बाई वाचू लागल्या. "'आमच्या वाटाड्याला दोन वर्षांपासून नीट दिसत नाही. तो हे कुणापाशी कबूल करत नाही. गेल्या हंगामात कड्यावर एक बाई थोडक्यात वाचली. फाटकाला कुलूप त्याच्या पत्नीने हातापाया पडून लावून घेतलं आहे. मालकिणीचा काही दोष नाही, ती उगाच शिव्या खाते आहे. तरी त्याचा परवाना रद्द करावा, म्हणजे वाट त्याच दिवशी सगळ्यांना मोकळी होईल.'"

त्यांनी कागद त्याच्यासमोर फिरवून ठेवला.

"खाली सत्तेचाळीस सह्या आहेत," त्या म्हणाल्या. "पहिली तुमची."