काळ्या रंगाचा आणखी एक हात

मामानं जुन्या गोदामाचं नाट्यगृह केलं, तेव्हापासूनचा शिरस्ता होता: नवं नाटक आलं की भिंतींना काळ्या रंगाचा एक हात द्यायचा. "या जागेचा इतिहास एवढाच," मामा छाती फुगवून सांगायचा, "इथून कुणी सोडून गेलं नाही."

प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या भाचीनं मात्र दुसरीकडे काम धरलं होतं. तसं तिनं सकाळीच मामाला सांगून टाकलं.

दुपारी ती शेवटच्या खुर्च्या मांडत होती, तर नेहमीची रांग काही केल्या बसेना. कडेची खुर्ची भिंतीला घासत होती.

"मामा, खोली लहान झालीये का रे?"

"तूच मोठी झालीस!" दाराला रंग देता देता मामा हसला.

तिलाही हसू आलं. तिनं एक खुर्ची काढली. मग दुसरी. मग मधून चालायला वाटच उरली नाही, तेव्हा ती घाबरून दाराकडे वळली.

दाराच्या जागी गुळगुळीत, ओली भिंत होती. कडी नाही, फट नाही. ब्रशचा सपसप आवाज पलीकडून येत होता.

"मामा! मी आत आहे!"

"माहितेय गं," मामा नेहमीच्याच मायेनं म्हणाला. "एवढा एक हात होऊ दे."