राहण्याचा पत्ता

"आधी नाव, मग पत्ता, मग काय ते म्हणणं," सुनावणी घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "पत्ता खोटा निघाला तर म्हणणं बाद."

पुढचा नंबर सलूनवाल्याचा होता. स्वस्त घरांचा कायदा व्हावा, सरकारने त्यासाठी पैसा बाजूला काढावा, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. भाडेकरूंच्या संघटनेच्या ताईंनी त्याच्याकडून घोकूनच घेतलं होतं. आठवडाभर गिऱ्हाइकांपेक्षा आरशानेच त्याचं भाषण जास्त ऐकलं. पत्त्याचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मागच्या रांगेतून बायकोने त्याचा सदरा ओढला. "माझ्या बहिणीचा सांगा."

"ती कधीच गाव सोडून गेली."

"मग बोलूच नका. चला घरी."

"कुठल्या घरी?"

तिने सदरा सोडला.

पलीकडच्या बाकावर दुकानाचा मालक होता. तो कायद्याला विरोध करायला आला होता. सकाळी सलूनवाल्यानेच त्याची दाढी केली होती. मालक खुर्चीत डोळे मिटून निवांत पडला होता आणि त्याच्या पाठीमागे, बाकड्याखाली, तिघांची अंथरुणं गुंडाळून ठेवलेली होती. दुकानात कुणी राहताना दिसलं तर दुसऱ्या दिवशी कुलूप, असं त्याने चावी देतानाच बजावलं होतं. आता तो ओळखीचं हसला. माणूस तसा चांगला होता, तीच तर पंचाईत.

आईशेजारी मुलगी आपल्या गणवेशाच्या कॉलरमधून केस वेचत होती. काळे, पांढरे, एखादा लाल रंगवलेला. कितीही झटकलं तरी लोकांचे केस तिच्या अंगावर राहायचेच. शाळेत पोरी तिच्या शेजारी बसत नसत.

तिच्याकडे बघून तो उठला. त्याने नाव सांगितलं. मग दुकानाचा नंबर, गल्ली, पाण्याच्या टाकीसमोर.

लिहून घेणारा कारकून थांबला. "कामाचा नको हो. राहण्याचा सांगा."

"तोच आहे."

"अहो, ते सलून आहे. मीच येतो की तिथे केस कापायला."

"हो साहेब," सलूनवाला म्हणाला. "दिवसा."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मालक आपल्या गुळगुळीत गालावरून हात फिरवत राहिला.

"बोला," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या.

मागे बायकोने मुलीचं दप्तर मांडीवर घेतलं आणि त्याचे पट्टे घट्ट आवळले.