खालच्या पुलावरचा आकडा

मामानं कानातली वायर काढली, वही मांडीवर घेतली आणि आकडा लिहिला. लिहून झाल्यावरही तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला.

"काय झालं, दादा?" बहिणीनं विचारलं. ती त्याच्यासाठी पुलावर चहा घेऊन आली होती.

"काही नाही. परत एकदा घेतो."

दोन पुलांच्या मधल्या टप्प्यात कालव्याचं पाणी किती कमी झालं ते मोजायचं, हे त्याचं काम. दांडीला लावलेली पितळी फिरकी पाण्यात सोडायची. ती फिरली की कानात टकटक वाजायची, आणि त्या टकटकीवरून तो हिशेब मांडायचा. बावीस वर्षं तो हेच करत होता. बहीण लग्न होऊन या वस्तीत आली, आणि पुढे भाच्यांच्या तोंडचं 'मामा' सगळ्या वस्तीनं उचललं.

वस्ती अवघड जागी होती. मागे उंचावर तलावाचा मातीचा बांध, पुढे कालवा, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात चाळीस घरं.

मामानं फिरकी दुसऱ्यांदा सोडली, मग तिसऱ्यांदा. चहा गार झाला. एवढा वेळ तो पुलावर कधी थांबत नसे. सुतार हातातलं काम टाकून आला, त्याच्या मागून आणखी पाचसहा जण आले. काय भानगड आहे, असं सगळे विचारू लागले. मामा आधी उडवाउडवी करत राहिला. शेवटी त्यानं वही मिटली.

"कालव्यात पाणी कमी होत जातं. थोडं माती पिते, थोडं ऊन. ते रोजचंच आहे. पण आज वरच्या पुलावर ऐंशी क्युसेक लिहिलंय आणि इथं शहाऐंशी."

"म्हणजे वाढलं?" सुतार म्हणाला. "पण मधे तर साधा ओढासुद्धा मिळत नाही."

मामानं मान वळवून तलावाच्या बांधाकडे पाहिलं. त्याच्यापाठोपाठ सगळ्यांच्या माना वळल्या.

"बांध झिरपतोय? आमच्या घरांखालून येतंय ते?" सुतारानं हळू आवाजात विचारलं.

मामा फिरकी पुसून पेटीत ठेवत होता. पेटीची कडी न लावताच त्यानं ती काखेत मारली. ते सगळ्यांनी पाहिलं.

सुतार मात्र सहजासहजी विश्वास ठेवणारा नव्हता. कालवा रुंद करायचा म्हणून मामाच्याच ऑफिसची माणसं तीनदा येऊन गेली होती, आणि तिन्ही वेळा वस्तीनं त्यांना हात हलवत परत पाठवलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. लोक आपणहून जागा सोडत नाहीत तोवर एका विटेलाही हात लावायचा नाही, असं कोर्टानं ठणकावलं होतं. त्यामुळे सुतारानं आडपडदा न ठेवता विचारलं, की हे साहेबांनी तर शिकवून पाठवलेलं नाही ना.

मामानं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. साहेबांना यातला एक शब्द जरी कळला तरी माझी नोकरी जाईल, असं तो म्हणाला. ऑफिसात कुणाला विचारायला जाऊ नका आणि माझं नाव तर मुळीच घेऊ नका. मग तो बहिणीकडे वळला. आवाज खाली आणला होता, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

"तू आजच निघ. सासूबाईंना आणि पोरांना घेऊन."

त्यावर सुताराचीही शंका फिटली. माणूस जगाला टोपी घालेल, पण पाठच्या बहिणीला उघड्यावर आणणार नाही, असं तोच नंतर घरोघरी सांगत फिरला.

बहीण घरात आली आणि नुसतीच उभी राहिली. नवरा गेल्यावर या घराची एकेक भिंत तिनं शिलाईच्या कामावर उभी केली होती. मागच्याच महिन्यात फरशी बसली होती. खिडकीपाशी मशीनवर कुणाचा तरी सदरा अर्धवट पडला होता.

"दादा, तुझी खात्री आहे?"

"मी कधी चुकलोय?"

"नाही," ती म्हणाली आणि तिनं सदऱ्याची घडी घातली.

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना मामानं स्वतः उचलून ट्रॉलीत ठेवलं. म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. आमच्यासाठी किती जीव टाकतोस रे, असं म्हणाली. मामानं तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि तो खाली उतरला.

दुपारपर्यंत वस्ती उचकटल्यासारखी झाली. भांडी, गाद्या, कोंबड्या, कपाटं. सुतार आपल्या दाराची चौकट उखडायला बसला होता. तेवढा वेळ नाही, म्हणून मामानं त्याला उठवलं. कुणी आरडाओरडा केला नाही. लोक बोलत होते तेही दबक्या आवाजात, जणू मोठ्यानं बोललं तर बांधाला ऐकू जाईल. शेवटच्या ट्रॉलीत बहीण बसली.

"येता-जाता घराकडे बघत जा, दादा."

त्यानं मान हलवली.

ट्रॉली वळणाआड गेल्यावर तो एकेका दारात जाऊन हाक मारून आला. कुणी मागे राहिलं नव्हतं. उन्हं कलली होती. पुलाच्या कठड्याला टेकून त्यानं फोन लावला.

"वस्ती रिकामी झाली, साहेब. सगळे आपणहून गेले."

साहेबांनी जरा काळजीनं विचारलं, पाणी खरंच तर वाढलेलं नाही ना.

"कालव्यात पाणी कधी वाढतं का, साहेब?"

साहेब हसले. सकाळी यंत्रं पाठवतो, म्हणाले. मग जरा घुटमळले. तुझ्या बहिणीचं घर अगदी कडेला आहे, नकाशा थोडा सरकवून ते वाचवता येईल, बघू का?

मामा उघड्या दारातून दिसणाऱ्या त्या घराच्या नव्या फरशीकडे बघत होता.

"नको," तो म्हणाला. "सगळ्यात आधी तेच पाडा. म्हणजे कुणाला माझा संशय येणार नाही."