पुरवणी

"मॅडम, पुरवणी," मृदुला गव्हाणे म्हणाली, तेव्हा वर्गात ती एकटीच उरली होती. बाकीचे एकेचाळीस जण दहा मिनिटांत उत्तरं लिहून निघून गेले होते. बीएस्सीचं अख्खं भौतिकशास्त्र त्यांनी जूनमध्ये एका इंजेक्शनात घेतलं होतं. मृदुलाला ते मानवलं नाही. आठवडाभर ताप भरला आणि तिच्या वाट्याला पुस्तकं आली.

धायगुडे मॅडमना कपाटात पुरवणी मिळाली, पण ती बांधायला दोरा कुठेच नव्हता. शेवटी त्यांनी पर्समधल्या रिळाचा निळा दोरा तोडून दिला. पुरवणी लिहून, बांधून झाली तेव्हा फिरत्या चकतीच्या एका गणिताला मृदुलाची सात पानं लागली होती.

नियमात बसत नव्हतं, तरी मॅडमनी शेवटचं पान पाहिलं. त्यांनीही तेच इंजेक्शन घेतलं होतं.

"चुकलंय गं. दोन तृतीयांश यायला हवं."

"कुठे चुकलं, मॅडम?"

मॅडमनी पानं उलटसुलट केली. परकी लिपी असावी तशी त्यांची नजर ओळींवरून नुसतीच फिरत राहिली.

"ते नाही सांगता येणार," त्या हळूच म्हणाल्या. "आम्हाला उत्तर येतं फक्त."

अजून तास बाकी होता. मृदुलाने दोरा सोडला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासायला घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा.

चूक तिच्या पानांत नव्हतीच. ती त्या एकेचाळीस जणांच्या रक्तात होती, आणि हे सात पानांतून वाचू शकेल असं तिच्याखेरीज कुणीच नव्हतं.

घंटा झाली. तिने पुरवणी पुन्हा बांधली आणि गाठ जरा जास्तच घट्ट मारली.