दहा आठवड्यांचं काम

"म्हणजे सहावाही गेला?" ताईंनी विचारलं.

काकांनी स्क्रीनवरच्या ताईंकडे न बघता मान डोलावली. सहावा प्रोजेक्ट सकाळी साडेअकरापर्यंत शिल्लक होता. दहा आठवड्यांचा होता. विद्यार्थ्याला जमेल ना, एवढंच बघायला म्हणून काकांनी त्याला हात लावला आणि जेवायच्या आत तो संपवला.

प्रोग्रॅमिंगच्या एका छोट्याशा भाषेचा हा संसार. भाषा सगळ्यांना खुली, फुकट, आणि कधी एकमेकांना न भेटलेल्या मूठभर हौशी लोकांनी चालवलेली. लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला समजेल असा करून देणारा तिचा कम्पायलर गेली एकोणीस वर्षं काका एकटे सांभाळत होते. दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नसे. आणि काकांना आता थांबायचं होतं. मनगट कुरकुरत होतं, डोळे दुखत होते, आणि थांबायची तारीख बायकोनं कॅलेंडरवर लाल पेनानं लिहूनच टाकली होती. वारस मिळाला नाही, तर त्या तारखेला भाषाही थांबणार होती.

वारस मिळायची वाट एकच. उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना अशी कामं देणारी एक योजना होती. भाषेच्या मंडळींनी प्रोजेक्ट सुचवायचे, प्रत्येकाला एक मार्गदर्शक द्यायचा. विद्यार्थ्यानं दहा आठवडे राबायचं आणि राबता राबता घरचाच होऊन जायचं. यादी पाठवायची मुदत आज पाचला संपत होती. पाठवण्याचं काम ताईंकडे. यादीत सहा प्रोजेक्ट होते. होते.

"काका, ते विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवले होते ना?"

"ठेवलेच होते. पण नीट समजावून लिहायला बसलो. मग वाटलं, एवढं समजावण्यापेक्षा करून टाकलेलं सोपं."

"सहाही वेळा?"

"पाचवा मी मुद्दाम अवघड काढला होता," काका म्हणाले. आवाजात जरा अभिमानच होता. "त्याला दोन दिवस लागले."

मागे बायको इस्त्री करत होती. "ताई, यांना बिस्किटांचा पुडा सांभाळायला द्या. पाहुणे येईपर्यंत रिकाम्या कागदाची छान घडी घालून ठेवतील."

"तू ताईंच्या बाजूनं बोलू नकोस," काका म्हणाले.

"मी बिस्किटांच्या बाजूनं बोलतेय."

"पावणेचार झालेत," ताई म्हणाल्या. "मला एक प्रोजेक्ट द्या. एकच. पण तुम्ही त्याला हात लावायचा नाही."

काकांना लगेच एक सुचला. त्यांची बोटं कीबोर्डकडे निघाली.

"काका, हात वर."

काकांनी हात वर केले. तशा अवस्थेत त्यांना आणखी दोन प्रोजेक्ट सुचले आणि दोन्ही मनातल्या मनात सुटले.

शेवटी ताईंनी कॉलवर आणखी एकीला घेतलं. भाषेच्या चॅटवर कच्ची यादी वाचून सहा इच्छुक आले होते; आपापले प्रोजेक्ट डोळ्यांदेखत नाहीसे झाल्यावर त्यातले पाच दुसऱ्या भाषांकडे निघून गेले होते. ही सहावी, तेवढी उरली होती. वय एकेचाळीस. दिवसा दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर, संध्याकाळी कॉलेजात. गेल्या आठवड्याभरात तिनं भाषेच्या चॅटवर एकतीस प्रश्न विचारले होते आणि काकांनी एकतीस वेळा "हे उघड आहे" असं उत्तर दिलं होतं. 'या बाईंना काहीच कळत नाही, यांचं काही जमणार नाही,' असा शेराही त्यांनी ताईंकडे पाठवून ठेवला होता.

"सर, मी सहाव्या प्रोजेक्टची तयारी केली होती," ती म्हणाली.

"तो झाला."

"पाहिलं. तुम्ही केलंय ते वाचायला घेतलं, तर पहिल्याच ओळीला अडले."

"पहिल्या ओळीला? अहो, ती तर उघड आहे."

"बत्तीस," ती शांतपणे म्हणाली. "मग मी एक प्रोजेक्ट सुचवू का? तुमचा कम्पायलर कुणालाही तुम्हाला न विचारता समजला पाहिजे. तसं पुस्तक लिहायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

काकांचा चेहरा उजळला. "हात्तिच्या! ते तर मी आज संध्याकाळपर्यंत—"

ताईंनी कपाळाला हात लावला. बायकोनं इस्त्रीचं बटण बंद केलं.

"लिहा ना, सर," रिसेप्शनवाली म्हणाली. "पहिलं पान आत्ताच लिहा. मी थांबते."

काकांनी दहा मिनिटांत पान लिहिलं. वाचून पाहिलं. स्वच्छ, सरळ, मुलालाही कळेल असं होतं. त्यांनी ते तिला पाठवलं.

तिनं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि तिसऱ्या शब्दावर थांबली. "हे काय असतं?"

काकांनी तो शब्द बदलला. आता ती पाचव्यावर थांबली. काकांनी वाक्य मोडून दोन केली. ती दोन्हींवर थांबली. हे कशासाठी? ते आधी का नाही सांगितलं? मध्ये आलेला हा कोण? ज्यांना आपला नेमका कुठला दात दुखतोय तेही सांगता येत नाही, अशांना रोज विचारावं, त्याच सुरात ती विचारत होती. काका खोडत होते, लिहीत होते, पाठवत होते. पाचला दहा मिनिटं उरली तेव्हा पान अकराव्यांदा परत आलं होतं आणि काका पहिल्याच परिच्छेदात होते.

"अहो, पण मला तर यातलं सगळं कळतंय!" ते जवळजवळ ओरडलेच.

"हो ना," ती म्हणाली. "न कळायचं काम तुम्हाला जमणार नाही, सर. ते मी करते."